टेलोमिअर ‘वाढवणाऱ्या’ गोळ्या : तोटा काय, म्हणता?

टेलोमिअर लांब करून म्हातारपण थोपवतो म्हणणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती हल्ली सारख्या दिसतात. चांगली शिकली-सवरलेली माणसं त्यावर पैसे घालतात, म्हणून हे लिहितोय.

गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही अक्षरं हजारो वेळा येतात. तेच टेलोमिअर. पेशी विभागली की ते थोडं झिजतं, इथपर्यंत जाहिरात खरं बोलते. पुढचं सांगत नाही.

उघडं टोक पेशीला तुटलेला डीएनए वाटतं आणि ती ते भलत्याच टोकाला जोडायला धावते. हा घोळ थांबवतात सहा प्रथिनं : टीआरएफ१, टीआरएफ२, रॅप१, टिन२, टीपीपी१ आणि पॉट१. टिटिया द लांगे यांनी २००५ मध्ये या सहा जणांच्या टोळीला ‘शेल्टरिन’ म्हटलं. टेलोमिअर वाढवणाऱ्या टेलोमरेजला किती मोकळीक द्यायची, तेही हीच टोळी ठरवते.

आता गंमत बघा. पॉट१ बिघडलं की टेलोमिअर लांब होतात. म्हणजे गोळीवाले विकतात तेच, फुकटात! पण २०१४ मध्ये संशोधकांना हा बिघाड सापडला तो कुठे? पिढ्यान् पिढ्या मेलानोमा, म्हणजे त्वचेचा घातक कर्करोग होणाऱ्या कुटुंबांत. उलट टिन२चं जनुक बिघडलं तर टेलोमिअर फार आखूड होतात आणि लहान मुलांचा अस्थिमज्जा निकामी होतो. आखूड वाईट, पण लांब म्हणजे चांगलं असंही नाही. बहुतेक कर्करोगाच्या पेशी टेलोमरेज पुन्हा चालू करूनच अमर होतात.

‘अहो, वनस्पतीजन्य आहे, तोटा काय?’ असं विचारणाऱ्यांना माझा साधा प्रश्न : गोळीने काहीच होत नसेल तर ही फसवणूक, आणि खरंच टेलोमिअर वाढत असेल तर कर्करोगाचा धोका कोणी तपासला?

अशा पूरक आहाराच्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावंच लागतं. जाहिरात मात्र आयुष्य वाढवून देते. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. माझं म्हणणं एवढंच, की तो वापरा. तक्रार यायची वाट कशाला बघायची?

आणि आपण? डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचायची. घरात कोणी घेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.