पंचवीस हजारांचं 'खेळणं'

परवा बहिणीकडे पाहुणे होते. टेबलाखालचा काळा डब्बा पाहून त्यातले एक काका भाच्याला म्हणाले, "काऊन रे, गेम खेळाले पंचवीस हजार टाकले का बे?" सगळे हसले. भाचा मान खाली घालून आत गेला. पाहुण्यांसमोर मीही गप्प बसलो. तेव्हा जे बोललो नाही ते इथं लिहितो. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा. ज्यांच्या घरात सतरा-अठरा वर्षांचं पोट्टं आहे त्यांनी तर वाचाच.

आधी पैशाचा हिशोब. पंचवीसपैकी पंधरा हजार त्याचे स्वतःचे. दोन सीझन लग्नांमध्ये केटररकडे वाढपी म्हणून उभा राहिला, रात्री एक-दीड वाजता घरी आला. उरलेले दहा हजार बहिणीच्या भिशीचे. जावई ऑटो चालवतात, त्यांच्याकडून त्याने रुपया मागितला नाही. पोरगा बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. म्हणजे कॉम्प्युटर शिकतो, आणि परवापर्यंत त्याच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. सी प्रोग्रामिंगची जर्नल तो मोबाईलवर पाहून हाताने उतरवायचा.

आता हे 'गेमिंग कॉम्प्युटर' म्हणजे काय भानगड? वेगळं काही नाही. प्रोसेसर तोच, रॅम तीच, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. जास्तीचं असतं ते एक ग्राफिक्स कार्ड. त्याच कार्डावर व्हिडीओ एडिटिंग होतं, थ्रीडी डिझाइन होतं, इंजिनीअरिंगच्या पोरांचं ड्रॉइंग चालतं. माझ्या यूट्यूब चॅनेलचे व्हिडीओ मी ज्या मशीनवर एडिट करतो त्याची कुंडली आणि भाच्याच्या डब्याची कुंडली सारखीच आहे. माझ्याकडे आलं तर ते 'कामाचं मशीन', त्याच्याकडे गेलं तर 'खेळणं'. हा फरक मशीनमध्ये नाही, आपल्या डोक्यात आहे.

पंचवीस हजारांत हे बसवायचं म्हणजे तारेवरची कसरत. नवीन घ्यायचा म्हटलं तर प्रत्येक भागावर १८ टक्के जीएसटी. त्यात गेल्या वर्षअखेर रॅमचे भाव पेटले. जगभर एआयची डेटा सेंटर उभी राहत आहेत, आणि मेमरी चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांनी माल तिकडे वळवला. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ ला जाहीरच केलं, की आपल्यासारख्या सुट्या गिऱ्हाइकांसाठीचा 'क्रुशियल' ब्रँड बंद करतोय. दसऱ्याला ज्या पैशात रॅमच्या दोन स्टिक आल्या असत्या, त्यात डिसेंबरात एकही येईना. अमेरिकेत कुणाचा तरी चॅटबॉट हुशार होतो आणि बर्डीत माझा भाचा रिकाम्या हाताने परत येतो, असा हा हिशोब आहे.

पण पोट्टं खचलं नाही. त्याने जुनं मशीन शोधलं. कंपन्या आणि बँका चार-पाच वर्षांनी ऑफिसचे कॉम्प्युटर बदलतात, ते लॉटमध्ये विकले जातात आणि झाडून-पुसून पुन्हा बाजारात येतात. त्याने काय निवडलं आणि का, ते सांगतो. कुणाच्या तरी कामी येईल.

आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, सहा कोअरचा, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसह: साडेतेरा हजार. सहाव्या-सातव्या पिढीचं मशीन स्वस्त मिळत होतं, पण त्याने घेतलं नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. त्याला खेळायचा असलेला व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. कंपनीच्या मशीनमध्ये विंडोजचं लायसन्स मदरबोर्डमध्येच असतं, म्हणून चोरीचं विंडोज टाकायची गरज पडली नाही. डब्बा टॉवरचा घेतला, कारण स्लिम डब्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही.

कार्ड जीटीएक्स १६५०, जुनं: साडेसहा हजार. हेच का? ऑफिसच्या मशीनचा एसएमपीएस लहान असतो आणि त्याची जोडणी बहुतेकदा कंपनीची स्वतःची असते, बाजारातला दुसरा त्यात लागत नाही. १६५० ला ७५ वॅट लागतात, तेवढे मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळतात. फक्त वेगळी वायर न लागणारं मॉडेल पाहून घ्यावं लागतं. जुना बावीस इंची मॉनिटर तीन हजार, कीबोर्ड-माउस नऊशे. उरलेले अकराशे हेडफोनला. झाले पंचवीस.

आता सांगा, हा अभ्यास नाही तर काय आहे? कुठला भाग कुठल्या भागाला चालतो, किती वॅट खातो, कुठं पैसा टाकायचा आणि कुठं वाचवायचा, हे ज्याला अठराव्या वर्षी कळतं त्याला आपण 'गेम खेळतो' म्हणून हिणवतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. वर जे साडेसहा हजारांचं कार्ड सांगितलं ते दुसरं. पहिलं बर्डीतल्या एका दुकानातून आणलं होतं. दुकानाचं नाव घेत नाही. घरी लावलं, गेम सुरू केला की स्क्रीन काळी. पोराने जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, तर कार्डाच्या नावापुढे 'फेक' लिहून आलं. दहा-बारा वर्षं जुन्या चिपवर बनावट बायोस टाकून तिला १६५० म्हणून विकलं होतं. परत गेला तर दुकानदार म्हणे, "भाऊ, चेकिंग वॉरंटी थी. दुकान से बाहर गया तो खतम." बिल? बिल दिलंच नव्हतं. घेताना विचारलं होतं, "पक्का बिल चाहिए तो अठरा परसेंट अलग से लगेगा." केटरिंगमध्ये कमावलेल्या पैशातले हजार-बाराशे वाचतात म्हटल्यावर पोरगा हो म्हणाला. त्याला दोष देऊ?

नंतर मी गेलो. प्रेसचं ओळखपत्र काउंटरवर ठेवलं आणि पाच मिनिटांत पैसे परत मिळाले. याचा मला अभिमान वाटत नाही, लाज वाटते. कारण ज्या पोराचा मामा पत्रकार नाही, त्याचे साडेसहा हजार बुडाले.

कायदा काय सांगतो? ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७) वाचा. विकलेल्या मालाचं बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. 'चेकिंग वॉरंटी' हा शब्द कायद्यात कुठंच नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. नागपुरात जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं एक रुपया फी नाही. हे सगळं आहे. मग सोनं, फ्रीज, गाडी घेताना बिल मागणारे आपण इथं गप्प का? कारण ते 'खेळणं' आहे. पोरगा रडत घरी आला तर बाप म्हणतो, "बरं झालं, आता तरी अभ्यास कर." ठगणाऱ्याला हे पक्कं माहीत आहे. त्याचा धंदा आपल्या या तुच्छतेवर चालतो.

ही तुच्छता सरकारातही आहे. महाज्योतीचं मुख्यालय आपल्या नागपुरात. जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या ओबीसी मुलांना तिथून मोफत टॅब मिळतो, सोबत इंटरनेट. चांगली गोष्ट आहे, विरोध नाही. पण टॅबवर काय होतं? दुसऱ्याने बनवलेला व्हिडीओ पाहता येतो, दुसऱ्याने काढलेली टेस्ट देता येते. उघडून पाहता येत नाही, भाग बदलता येत नाही, तीन वर्षांनी बॅटरी गेली की कपाटात. गरिबाच्या पोराला पाहायचं यंत्र आणि पैसेवाल्याच्या पोराला बनवायचं यंत्र, ही वाटणी कुणी ठरवली? मिहानमधल्या कंपन्यांत नोकरीला टॅबवर बोट फिरवणारा लागतो का?

आणि यंत्रं नाहीत असंही नाही. सरकारी कार्यालयं, बँका, महामंडळं जुने कॉम्प्युटर दरवर्षी भंगारात काढतात. विंडोज १० बंद झाल्यावर तर यांचा ढीग लागणार. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठ्या ग्राहकांनी असा माल नोंदणीकृत संस्थेलाच द्यायचा असतो, आणि त्यात फक्त रिसायकलर येत नाहीत, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारे रिफर्बिशरही येतात. म्हणजे नियमाने दार उघडं ठेवलं आहे. आत जायची इच्छा हवी. आयटीआयच्या पोरांच्या हातात ही मशीन द्या, डिस्क नीट पुसून घ्या, एसएसडी टाका, आणि बिल-वॉरंटीसह गरजू विद्यार्थ्यांना लागत किमतीत द्या. पोरांना हाताला काम शिकायला मिळेल, दुसऱ्यांना मशीन मिळेल. यात कोणतं रॉकेट सायन्स आहे?

आता कुणीतरी म्हणेल, "भाऊ, गेमचं व्यसन लागतं, घरं बुडतात." खरं आहे, घरं बुडाली. पण कशाने, ते पाहा. २०२३ मध्ये नागपूरच्याच एका व्यापाऱ्याने ऑनलाइन गेमिंगच्या नावाखाली ५८ कोटी गेल्याची तक्रार केली, पोलिसांनी गोंदियात छापा टाकला. हे आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं. तो जुगार होता. त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, बापाच्या खिशातला मोबाईल पुरतो. पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून प्रोत्साहन द्यायचं म्हटलं आहे. संसदेला जुगार आणि खेळ यातला फरक कळला, आपल्या बैठकीतल्या काकांना केव्हा कळणार?

वेळेचं म्हणाल तर त्यावर घरात बोला, नियम लावा. बहिणीने लावलाय, रात्री दहानंतर बंद. पोरगा पाळतो. जे स्वतःच्या कमाईतून उभं केलं त्याची किंमत त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते. आणि हो, प्रोग्रामिंगची जर्नल आता त्याच मशीनवर रन करून लिहितो.

म्हणून सांगणं एवढंच. पोट्ट्याने असा कॉम्प्युटर मागितला तर हसू नका, त्याच्यासोबत बर्डीला जा. पक्कं बिल घ्या, त्यावर कार्डाचा आणि मशीनचा सिरीयल नंबर लिहून घ्या. दुकानातच जीपीयू-झेड लावून पाहा, आणि गेम अर्धा तास चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. ठगला तर १९१५. आणि आपले नगरसेवक, आमदार पुढच्या वेळी टॅब वाटपाच्या फोटोत दिसले तर खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न विचारा: साहेब, भंगारात काढलेले कॉम्प्युटर कुठं गेले?

त्या काकांना मी उद्या फोन करणार आहे. त्यांच्या नातवाचा दहावीचा निकाल जवळ आलाय, आणि निकालानंतर त्याला नवा मोबाईल द्यायचा बेत आहे म्हणे. पंचवीस हजारांचाच.