कुंपणावरचा काळादाणा

कुंपणावरच्या काळादाण्याची निळी फुले सकाळी मन प्रसन्न करतात. फूल मिटले की बोंड धरते. एका बोंडात तीन कप्पे, सहापर्यंत बिया. बोंड वाळून तडकले की बी तिथेच सांडते. कवच टणक असल्याने सारे बी एकाच पावसात उगवत नाही. काही वर्षानुवर्षे जमिनीत टिकते. हाच वेल उसात शिरला तर उसाला वेढे घालतो, तोडणी अडते.

म्हणून बांधावरचा वेल बोंडे धरण्यापूर्वीच उपटा. वाळलेली बोंडे उकिरड्यावर टाकू नका, जाळा. नाहीतर शेणखतातून बी शेतात जाईल. दारात फुले हवीत तर एकच वेल ठेवा, बोंडे वेळीच खुडा. बी मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेल्यास जुलाब होतात.