बिनतारी चार्जिंग हवेच, पण आधी बसला



रस्त्यावर सौर पॅनेल, त्याखाली तांब्याची वेटोळी आणि वरून धावता धावता चार्ज होणारी मोटार, हे चित्र हल्ली हौसेने रंगवले जाते. त्यातला अर्धा भाग फ्रान्सने करून पाहिला आहे. नॉर्मंडीतल्या एका खेड्यात डिसेंबर २०१६ मध्ये किलोमीटरभर रस्त्यावर २,८०० चौरस मीटर पॅनेल अंथरली गेली. खर्च ५० लाख युरो. ट्रॅक्टरच्या चाकांनी आणि कुजलेल्या पानांनी त्यांची पार रया घालवली. गाड्यांचा आवाज एवढा, की वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटरवर आणावी लागली. वीज मिळाली ती अपेक्षेच्या निम्मी. पॅनेलची जागा छपरावर, हे कळायला बरीच फी मोजली म्हणायची!

बिनतारी चार्जिंग मात्र थोतांड नाही. दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात ऑगस्ट २०१३ पासून दोन बस अशा धावू लागल्या: जमीन आणि बसचे पोट यांत १७ सेंटीमीटरची फट, त्यातून १०० किलोवॅट, कार्यक्षमता जेमतेम ८५ टक्के. इंग्लंडच्या मिल्टन कीन्सने जानेवारी २०१४ मध्ये अधिक शहाणपणा केला. आठ बससाठी सगळा रस्ता न खणता फक्त मार्गाच्या टोकांना वेटोळी पुरली. चालक चहाला दहा मिनिटे थांबला, की फेरीत खर्चलेल्या विजेपैकी दोन तृतीयांश परत भरावी, असा बेत होता.

आपल्या शहरांनी हेच उचलावे. दिवसाला २०० किलोमीटर धावणाऱ्या बसला ढोबळमानाने २०० युनिट लागतात. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सुमारे चार युनिट देते. म्हणजे एका बसमागे ५० किलोवॅट, अर्थात ५०० चौरस मीटर छप्पर. आगाराच्या छतावर सगळा ताफा चालणार नाही, हे उघड आहे. त्यात दहा टक्के वीज हवेतच गळाली, तर आणखी सुमारे साडेपाच किलोवॅट आले. ही गळती सोसायची, तर रोज शेकडो जणांची ने-आण करणाऱ्या बससाठी सोसावी. शिवाय धो-धो पावसात कुणाला ओला प्लग हाताळावा लागत नाही.

खासगी मोटारींचे दुखणे निराळे आहे. सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडलेली एक्स्टेन्शनची वायर आणि त्यावरून मासिक सभेत होणारी खडाजंगी पाहिली, की कळते: लोकांना साधा सॉकेट मिळत नाही. त्यात सूर्य डोक्यावर असताना गाडी कार्यालयाच्या पार्किंगमध्ये तापत असते आणि घरी चार्जिंगला लागते ती रात्री, पॅनेल झोपल्यावर. कार्यालयांच्या पार्किंगवर पॅनेलचे छप्पर आणि खांबाला साधा चार्जर एवढ्याने यातले बरेच काम भागेल.

तेव्हा महापालिकांनी ई-बसच्या पुढच्या निविदेत एखाद्या गर्दीच्या मार्गाच्या दोन्ही टोकांना बिनतारी चार्जिंगचा प्रयोग मागावा. वर्षभरात किती युनिट घेतली आणि बसमध्ये किती पोहोचली, याचे आकडे प्रसिद्ध करण्याची अट त्यातच घालावी. तोवर महामार्गाखाली तांबे पुरण्याचे प्रस्ताव फायलीतच राहू द्यावेत.

– एक बसप्रवासी, पुणे