दाणेदार खताची खरी परीक्षा

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत सेंद्रिय खताच्या कच्च्या मालाची वानवा नाही. लातूरजवळचा मांजरा, नांदेड जिल्ह्यातील भाऊराव चव्हाण यांसारखे सहकारी साखर कारखाने येथे उभे आहेत. १०० टन उसाच्या गाळपामागे ३ ते ४ टन प्रेसमड निघतो. म्हणजे ५ लाख टन गाळपाच्या हंगामात १५ ते २० हजार टन. बैल कमी झाले, शेणखत दुर्मिळ झाले. अशा वेळी ही संपत्ती शेतात परत जावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मतभेद आहे तो मार्गाविषयी.

कुजलेल्या खताचे दाणे केले, की ते पोत्यात नीट भरता येते, वाऱ्याने उडत नाही आणि पेरणी यंत्रातून बियाण्याबरोबर सोयाबीन-तुरीच्या सरीत सोडता येते. दाणेदार खताची ही सोय निर्विवाद आहे. परंतु दाणा हा केवळ आकार होय. त्याने खतातील अन्नद्रव्य तोळाभरही वाढत नाही. कच्चे खत दाणेदार केले तरी ते कच्चेच राहते, आणि ते शेतात गेल्यावर जमिनीतील नत्र प्रथम जंतूंच्याच पोटी जाते. पीक पिवळे पडते. म्हणून यंत्राचा विचार कुजविण्यानंतरच व्हावयास हवा.

यंत्र दिसावयास साधे आहे. तिरपी तबकडी फिरते, तीवर चाळलेली भुकटी पडते, पाण्याचे तुषार उडतात आणि लोळत लोळत दाणा वळतो. पाणी कमी पडले तर भुकटीच राहते, अधिक झाले तर लगदा तबकडीला चिकटतो. स्क्रेपरची धार झिजली की थर जाड होतो, तबकडीचा तोल जातो आणि भार बेअरिंगवर येतो. अशा वेळी थर पाडण्यासाठी हातोडीचे घाव घातले जातात. तबकडी वाकते ती कायमचीच. खताचा ओलावा लोखंडाला गंज आणतो, धूळ वंगणात मिसळते, तुषारांची तोंडे बुजतात. काम संपताच तबकडी धुऊन कोरडी करणे, ग्रीसची वेळ पाळणे, चाळणीची जाळी तपासणे ही कामे क्षुल्लक वाटतात. यंत्राचे आयुष्य मात्र त्यांवरच अवलंबून असते.

वाळवणीचा खर्चही विसरला जातो. ३० टक्के ओलाव्याचा १ टन माल २० टक्क्यांवर आणावयाचा तर १२५ किलो पाणी उडवावे लागते. घाईने भट्टी तापविली तर उपयुक्त जिवाणू मरतात. मग खताच्या नावात ‘जैविक’ हा शब्द तेवढा उरतो. जिवाणू मिसळावयाचे ते दाणा थंड झाल्यावर.

दाणा वळत नसेल तर माती मिसळणे, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय. दाणा गुळगुळीत होतो, पोते जड होते आणि शेतकरी मातीचे पैसे मोजतो. २००६ मध्ये सेंद्रिय खते १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आली, ती अशाच फसवणुकीला आळा बसावा म्हणून. परंतु कायद्याचा हात नमुना घेतल्यावर पोहोचतो. तबकडीपाशी उभा असतो तो कामगार.

नेमके त्याच्याकडेच धोरणाचे दुर्लक्ष होते. २०२३ मध्ये केंद्राने गोबरधन प्रकल्पांतील सेंद्रिय खतास टनामागे १५०० रुपयांचे विपणन साहाय्य मंजूर केले. अनुदानाने यंत्र येते, मालही खपतो. कुशल हात मात्र अनुदानाने येत नाहीत. नांदेड-लातूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून फिटर घडतात. त्यांना या यंत्राचा अल्पकालीन अभ्यासक्रम देणे अवघड नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने खताच्या कसाची बाजू सांभाळावी. प्रत्येक प्रकल्पात ओलाव्याची व वंगणाची नोंदवही असावी आणि अनुदानाचा पुढील हप्ता ती पाहूनच द्यावा.

जेथे खत चार-पाच कोसांतच वापरावयाचे आहे, तेथे दाण्याचा अट्टहास नको. चाळलेले, पुरते कुजलेले खत पुरेसे आहे. दूर पाठवावयाच्या मालासाठी यंत्र जरूर घ्यावे. परंतु ते चालविणारा माणूस आधी निवडावा, आणि त्याच्या वेतनाची व सुट्या भागांची तरतूद पहिल्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात करावी. हे न झाल्यास मराठवाड्याच्या माळावर आणखी एक गंजलेली तबकडी उभी राहील, आणि तिचे कर्ज सभासद शेतकरी फेडीत बसेल.