कर्ज कुणाचे, फेड कुणाची?

श्रीलंका सावरली, असा निर्वाळा नाणेनिधीचे पंडित देतात. २०२२ च्या सप्टेंबरात सत्तर टक्क्यांच्या घरात गेलेली महागाई वर्षभरात एक अंकी झाली, पेट्रोलच्या रांगा संपल्या, हे खरेच आहे. परंतु या सावरण्याची किंमत कोणी मोजली?

अरिष्ट कष्टकऱ्यांनी ओढवून घेतलेले नव्हते. २०१९ च्या अखेरीस मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणून तिजोरी रिती केली ती गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने. २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फतव्याने बंद करून भातशेती बुडवली तीही त्यानेच. एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची फेड थांबली आणि जुलैत जनतेने राष्ट्राध्यक्षांना पळवून लावले.

मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीने सुमारे ३०० कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर केले, तेही हप्त्याहप्त्याने, अटी पाळल्याची खात्री करून. त्यापूर्वीच वीज ६६ टक्क्यांनी महागली होती; जानेवारी २०२४ मध्ये मूल्यवर्धित कर १८ टक्क्यांवर गेला. हा कर गिरणीमालक आणि हमाल एकाच दराने भरतात! जागतिक बँकेच्याच अंदाजानुसार २०२१ ते २०२२ या एका वर्षात दारिद्र्याचे प्रमाण १३ वरून २५ टक्क्यांवर पोहोचले होते. अशा जनतेवर हा बोजा लादला गेला.

सर्वांत निर्लज्ज प्रकार २०२३ च्या देशांतर्गत कर्जफेररचनेचा. बँकांकडील सरकारी रोख्यांना हात लागला नाही. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीला मात्र कमी व्याजाचे, लांब मुदतीचे रोखे घेणे भाग पडले. नकार दिल्यास निधीवरील कर १४ वरून ३० टक्के होणार होता. बँका आधीच अधिक कर भरतात, त्या कोसळल्या तर ठेवीदार बुडतील, असे समर्थन केले गेले. मग म्हातारपणाची पुंजी बुडाली तर कामगार बुडत नाही काय?

मदतच नको, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. औषधे आणि इंधन डॉलरांवाचून येत नाहीत. आक्षेप आहे तो बोजाच्या वाटणीला. सप्टेंबर २०२४ मध्ये जनतेने अनुरा कुमार दिसानायके यांना निवडून दिले, तरी नाणेनिधीचा कार्यक्रम तोच राहिला. मतपेटीने सरकार बदलते आणि धोरण धनको ठरवतात, तर लोकशाहीला अर्थ काय उरतो?

हा प्रश्न आपलाही आहे. २०२२ मध्ये भारताने श्रीलंकेला सुमारे ४०० कोटी डॉलरांचे साहाय्य दिले आणि पुढे धनको राष्ट्रांच्या समितीचे सहअध्यक्षपद जपान व फ्रान्ससह भूषविले. शेजारधर्म सांगणाऱ्यांनी सावकाराच्या पंगतीत बसून ऋणकोच्या कामगारांसाठी कोणता शब्द टाकला, याचा जाब दिल्लीला विचारलाच पाहिजे.