भुताला आधी नाव विचारा

आपल्या वाङ्मय मंडळात व्हिडिओ गेमचा विषय निघाला की चर्चा दोन मिनिटांत संपते. एक बाजू म्हणते, हा टाइमपास आहे. दुसरी म्हणते, याच्यानं पोरं बिघडतात. मला तिसरी बाजू मांडायची आहे. सगळ्याच गेम्सची वकिली मी करणार नाही. धाडधाड गोळ्या झाडण्यात मला स्वतःला रस नाही. पण गेम्सचा एक छोटासा प्रकार असा आहे, जो साहित्याच्या विद्यार्थ्यांनी खेळायलाच हवा. आणि पांढुर्णा-सौसरकडून नागपूरला शिकायला येणाऱ्या आमच्यासारख्यांनी तर तो बनवायलाही हवा.

हा प्रकार म्हणजे भुतांचे कोड्यांचे गेम. थोडी भीती वाटते, पण ऊबही मिळते. रात्र असते, जुना वाडा असतो, दाराला कुलूप असतं, कुठेतरी कुणाचं तरी अर्धवट पत्र पडलेलं असतं. हातात हत्यार नसतं. आपण फिरायचं, बघायचं, वस्तू जुळवायच्या, बोलायचं. भूत दिसतं तेव्हा दचकायला होतं, पण ते आपल्या अंगावर येत नाही. त्याचं काहीतरी राहून गेलेलं असतं. ते काय, हेच कोडं. कोडं सुटलं की भूतही सुटतं. मी याला 'उबदार भुताटकी' म्हणते.

माझं आवडतं उदाहरण म्हणजे 'घोस्ट ट्रिक: फँटम डिटेक्टिव्ह'. शू ताकुमी या जपानी लेखक-दिग्दर्शकाचा हा गेम 2010 साली निंटेंडो डीएसवर आला आणि 2023 मध्ये नव्या रूपात पुन्हा निघाला. यात नायक पहिल्याच दृश्यात मेलेला असतो. आपण कोण, आपल्याला कुणी मारलं, काहीच त्याला आठवत नाही. हातात फक्त एक रात्र. पहाट झाली की तोही संपणार. त्याच्याकडे मुख्य शक्ती दोन आहेत. जवळच्या निर्जीव वस्तूत शिरून तो ती हलवू शकतो. आणि कुणाचा मृत्यू झाला असेल तर त्या मृत्यूच्या चार मिनिटं आधी जाऊ शकतो.

बस, एवढंच. तो कुणाला उचलू शकत नाही, ओरडून सावध करू शकत नाही. एखादा दिवा हलवायचा, एखादं झाकण उघडायचं, एखादी वस्तू घरंगळू द्यायची, आणि या लहानसहान हालचालींची साखळी अशी जुळवायची की मरणारा माणूस वाचेल. नाही जमलं तर पुन्हा चार मिनिटं मागे. मला यात सगळ्यात भावतं ते हे, की भूत इथे घाबरवण्यासाठी आलेलं नाही. जिवंत माणसांना मरणातून ओढून काढण्यासाठी ते रात्रभर राबतं. आणि तसं राबता राबता आपण कोण होतो, हे त्याला कळत जातं.

कुणी म्हणेल, हे सगळं जपानी डोक्यातून आलेलं, आपला काय संबंध? मग 'वेताळ पंचविशी' आठवा. मध्यरात्र, स्मशान, राजाच्या खांद्यावर प्रेत आणि प्रेतात बसलेला वेताळ. तो राजाला खात नाही, गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी परत झाडावर. भुताटकी, कोडं आणि प्रवास, तिन्ही एकत्र. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त ही गोष्ट आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ती लहानपणी 'चांदोबा'त वाचली किंवा आईबाबांकडून ऐकली. ऊबदारपणाही आपल्याला नवा नाही. रत्नाकर मतकरींनी मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या आणि त्याच मतकरींनी मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' लिहून चिंची चेटकीण दिली. नाटकात चेटकिणीला घाबरून आईच्या कुशीत शिरणारं पोरगं घरी येऊन तिचीच नक्कल करतं.

आमच्या आजीच्या गोष्टी मात्र याहून कडू होत्या. उन्हाळ्यात लाइट गेली की अंगणात बाजेवर बसून ती सांगायची. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेली ती हडळ. मी विचारायची, "आजी, ते भूत आपल्याले काऊन तरास देते?" ती म्हणायची, "त्याईचं आयकाले कोनी नसते न बापा, म्हनून." तेव्हा ते उत्तर मला फसवं वाटायचं. आता वर्गात लोकसाहित्य शिकताना वाटतं, आजीनं एका वाक्यात अख्खा पेपर सोडवला होता. आपल्या भुतांची यादी काढून बघा. बाळंतिणी, अकाली गेलेली मुलं, इच्छा मारून जगलेल्या बाया. ज्यांचं जिवंतपणी कुणी ऐकलं नाही, त्यांचीच भुतं झाली.

मी कॅथलिक घरातली. 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आम्ही कबरस्तानात जातो. कबरी झाडून घेतो, फुलं ठेवतो, मेणबत्त्या लावतो. संध्याकाळी तिथे भीती वाटत नाही. मुलं कबरींच्या मधून पळतात, मोठी माणसं हळू आवाजात गप्पा मारतात, गेलेल्यांची नावं घेऊन प्रार्थना होते. याच दिवसावर एक नावाजलेला गेम उभा आहे, 1998 चा 'ग्रिम फँडँगो'. टिम शेफर यांनी मेक्सिकोतल्या मृतांच्या सणावरून तो रचला. बहुतेक पात्रं सांगाड्यांची. नायक मॅनी कालावेरा हा मृतांच्या दुनियेतल्या एका खात्यात चिकटलेला कारकून; नव्यानं मेलेल्या जिवांना पुढच्या प्रवासाची तिकिटं विकतो. मग त्याच्या लक्षात येतं की भल्या माणसांच्या हक्काची तिकिटं मधल्यामध्ये कुणीतरी लाटतंय. चार वर्षांची ही गोष्ट दर वर्षी त्याच 2 नोव्हेंबरला पुढे सरकते. हसवत हसवत तो गेम एकच विचारत राहतो: मेलेल्याला तरी न्याय मिळणार की नाही?

हे सगळं मी आमच्या जाम नदीकडे येण्यासाठी सांगितलं.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी गोटमार थोडक्यात सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे इकडे नागपुरात मारबती निघतात त्याच दिवशी, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून वाहणाऱ्या जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड मारतात. पांढुर्ण्याकडच्यांनी झाड तोडून झेंडा आणायचा आणि तो चंडीमातेच्या मंदिरात न्यायचा. दर वर्षी शेकडो माणसं जखमी होतात. काही वर्षी माणसं मेलीही आहेत. प्रशासन बंदोबस्त लावतं, ॲम्ब्युलन्स उभ्या करतं. एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी दगडच उचलले.

यामागची कथा अशी सांगतात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांचं प्रेम होतं. तो तिला घेऊन निघाला, नदीच्या मध्यावर दोघं अडकले. एका काठावरून दगड आले, मग दुसऱ्या काठावरून आले. दोघं तिथेच मेले. भोसल्यांच्या सैन्याच्या सरावाची एक वेगळी कथाही सांगतात, पण लोकांच्या मनात घर केलंय ते या दोघांनी. आणि मी आजवर ऐकलेल्या एकाही कथेत त्या दोघांना नावं नाहीत.

मला हे फार लागतं. ज्यांच्या आठवणीत हे सगळं चालतं, त्यांच्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे? ती नदीपर्यंत कशी आली? तिला कुणी अडवलं? पाणी किती होतं? पहिला दगड कुणी उचलला, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस काय करत होता? आपण त्यांची आठवण दगडानं ठेवली, त्यांना प्रश्न विचारून ठेवली नाही.

आता 'घोस्ट ट्रिक'ची ती चार मिनिटं इथे आणा. नदीच्या मध्यावर दोघं उभे आहेत. चार मिनिटं शिल्लक आहेत. तुम्ही आत्मा आहात. माणसांना हात लावता येत नाही. काठावरची बैलगाडी सरकवता येते, पोळ्याच्या बैलाच्या गळ्यातली घंटी वाजवता येते, देवळाचं दार उघडता येतं, कुणाच्या तरी आईला घराबाहेर आणता येतं. कुठली गोष्ट आधी हलवली तर पहिला दगड उचललाच जाणार नाही? ते कोडं सोडवायला खेळणाऱ्याला दोन्ही गावांत फिरावं लागेल, दोन्हीकडची माणसं समजून घ्यावी लागतील. पांढुर्ण्याचा पोरगा सावरगावच्या आईचं ऐकेल. भाषणानं हे होत नाही, बंदी घालूनही होत नाही.

मला ठाऊक आहे, यावर दोन आक्षेप येणार. पहिला, हा लोकांच्या श्रद्धेचा विषय आहे, त्याचा खेळ करू नका. पण गोटमारीला खेळ आधीपासूनच म्हणतात. आमच्याकडे 'गोटमार खेळणे' असंच बोलतात. मी फक्त त्यातला दगड काढून कोडं ठेवा म्हणतेय. चंडीमातेचा मान, झेंडा, पळस, सगळं राहू द्या. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ऊब दिली की दुःख गोड होतं, त्याची धार जाते. काही गेम्सच्या बाबतीत हे खरंही आहे. छान संगीत, गोंडस भूत, गरम चहा, आणि मेलेल्याचं मरण विसरून जायचं. म्हणून माझी अट एकच. भूत गोंडस असलं तरी चालेल, पण ते का मेलं हे शेवटी स्पष्ट कळलं पाहिजे. ऊब हवी ती ऐकणाऱ्याला बसवून ठेवण्यापुरती, आजीच्या बाजेसारखी.

उरला प्रश्न बनवणार कोण. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये 'राजी' काढला तेव्हा आपल्या मातीतला गेम जगभर खेळला जाऊ शकतो हे दिसलं. पण त्याला मोठी टीम आणि वर्षानुवर्षांची मेहनत लागते. आपल्याला तिथून सुरुवात करायची गरज नाही. ट्वाइन नावाचं एक फुकट साधन आहे. त्यात चित्रं नसली तरी चालतात, प्रोग्रामिंग जवळजवळ लागत नाही. एक परिच्छेद लिहायचा, त्याखाली दोन-तीन पर्याय द्यायचे, प्रत्येक पर्याय पुढच्या परिच्छेदाकडे नेतो. मराठीत लिहिता येतं आणि मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालतं. ज्याला कथा लिहिता येते त्याला हे येतं, आणि कथा लिहिणारे आपल्या मंडळात कमी नाहीत.

आमच्या भागाला याची गरज दुहेरी आहे. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं. कागदोपत्री आम्ही मध्य प्रदेशचे, घरात मराठी बोलणारे, शाळेत हिंदी, कॉलेजात इंग्रजी. आमची बोली पुस्तकात क्वचितच सापडते. भूत मात्र अजून त्याच बोलीत बोलतं, कारण आजी त्याच बोलीत सांगते. ते गेममध्ये आलं तर बोलीही येईल, "काऊन" आणि "त्याईचं" यांसकट.

म्हणून मंडळापुढे माझा प्रस्ताव आहे. पुढच्या अंकासाठी कथा-कवितेबरोबर एक ट्वाइन गेमही मागवा. विषय ज्याचा त्यानं निवडावा. आपापल्या गावचा पिंपळ, विहीर, बंद पडलेला वाडा. मी जाम नदी घेणार आहे. दोन्ही काठांवरून कुणी सोबत लिहायला आलं तर उत्तम, सावरगावचं कुणी आलं तर फारच उत्तम. सगळ्यात आधी त्या दोघांना नावं द्यायची आहेत, आणि ती मी एकटीनं ठरवू नयेत असं मला वाटतं.