यातून काय शिकलात?

नोएडातल्या एका शाळेत दुसरीच्या वर्गाला मी मेम फॉक्स यांचं ‘विल्फ्रिड गॉर्डन मॅकडोनाल्ड पार्ट्रिज’ वाचून दाखवत होते. १९८४ सालचं हे ऑस्ट्रेलियन चित्रपुस्तक. चित्रं ज्युली व्हिवास यांची. ९६ वर्षांच्या मिस नॅन्सींची स्मृती हरवत चालली आहे. शेजारचा छोटा मुलगा मोठ्यांना विचारत सुटतो, आठवण म्हणजे काय? मग तो नॅन्सींना शिंपले, कळसूत्री बाहुली, फुटबॉल, कोंबडीखालचं ऊबदार अंडं नेऊन देतो. एकेक वस्तू हातात घेताना त्यांना जुनं काही आठवू लागतं.

पुस्तक मिटलं. एक मुलगी म्हणाली, “मेरी दादी मुझे बुआ के नाम से बुलाती हैं.” वर्ग गप्प झाला. तेवढ्यात वर्गशिक्षिकेनं विचारलं, “तो बच्चो, क्या सीखा?” उत्तर एका सुरात आलं: “बड़ों का आदर करना चाहिए.” मुलगी खाली बसली.

दोष त्या एकट्या बाईंचा नाही. आजी-आजोबा आले की बोध काढायचाच, ही आपली सगळ्यांची खोड. आजी-आजोबा दिनाला फुलं देतो, गाणं बसवतो, फोटो काढतो. आजी विसरते, चिडते, तेच ते विचारते, हे मात्र वर्गाबाहेर ठेवतो. ‘एवढ्या लहान मुलांना हे कशाला?’ असं पालक विचारतात. अहो, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते मूल त्याच आजीशेजारी झोपतं! त्याला सगळं दिसतं. बोलायला जागा तेवढी नसते.

दिल्लीत तर हे टाळणं आणखी महागात पडतं. लाजपतनगर, राजेंद्रनगर फाळणीच्या निर्वासितांनी वसवलं. नीना सबनानी यांचं ‘मुकंद अँड रियाझ’ त्यांच्या वडिलांच्या कराचीच्या आठवणीवर उभं आहे: दोन मित्र, १९४७, ताटातूट. हे पुस्तक वाचून ‘एकता’ हा शब्द फळ्यावर लिहिला की तास संपतो. ‘तुमच्या घरात कोण कुठून आलं?’ हा प्रश्न राहूनच जातो.

आपण मराठी माणसंही यात मागे नाही. सांगलीहून मुलाकडे राहायला आलेल्या आजीच्या आठवणी मराठीत, नातवाचे प्रश्न हिंदीत. मधल्या पिढीनं दोघांमध्ये बसून दुभाषाचं काम करायचं, तर ती म्हणते, “आई, त्याला कळत नाही, राहू दे.” आणि पुढे भाषा मेली म्हणून गळा काढायला आपणच मोकळे.

म्हणून शिक्षकांना सांगणं एवढंच: पुस्तक मिटल्यावर दोन मिनिटं गप्प बसा. मग मुलांना एकच काम द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची एक वस्तू आणा, तिची हकिकत विचारून या, ज्या भाषेत मिळेल त्या भाषेत. घरी कुणी नसेल तर शेजाऱ्यांना विचारा. गुण देऊ नका, बोध लिहून घेऊ नका.

त्या मुलीला दादीनं हाक मारलेलं नाव कोणतं, हे मी त्या दिवशी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.